अ‍ॅसिडोसिस दिसला म्हणून लगेच सोडा बायकार्ब? पोटॅशियम १.६ पर्यंत गेलेल्या एका पेशंटचं प्रकरण

पार्श्वभूमी

पेशंट तिशीतली बाई, शेतात काम करणारी, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाजवळची. ओळख पटू नये म्हणून वय, घरची माहिती वगैरे बदललंय, पण रिपोर्टचे आकडे तसेच ठेवलेत कारण पुढे जे काही घडलं ते त्या आकड्यांवरच घडलं.

दोन दिवसांपासून पाय जड वाटत होते, तिसऱ्या दिवशी पहाटे उठायला गेली तर अंथरुणातून उठताच येईना. जाऊबाईंनी धरून बसवलं तर मान पण सावरत नव्हती. हात हलत होते पण वर उचलून धरता येत नव्हते. ताप नाही, जुलाब नाहीत, उलट्या नाहीत, मुंग्या नाहीत, स्पर्श सगळीकडे व्यवस्थित कळत होता. घरच्यांची पहिली भीती म्हणजे "तो पुण्यातला आजार तर नाही ना". २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, यात नसांना इजा होऊन हातपाय लुळे पडतात) पेशंट एकदम वाढले तेव्हापासून कुणाचे पाय लुळे पडले की लोक आधी हेच विचारतात, आणि विचारणं चूक नाहीये, जीबीएस डोक्यात ठेवायलाच पाहिजे. फक्त पोटॅशियम खूप कमी झालं तरी चित्र जवळजवळ असंच दिसतं, रिफ्लेक्स सुद्धा मंद होतात, त्यामुळे नुसत्या तपासणीवर दोन्ही वेगळे करता येतीलच असं नाही. पोटॅशियमचा रिपोर्ट मात्र काही मिनिटांत येतो.

आधी ते जवळच्या एका छोट्या हॉस्पिटलला गेले. तिथल्या डॉक्टरांनी काम चटपट केलं, श्वास जोरात चाललाय हे बघून एबीजी (धमनीतल्या रक्ताचा पीएच आणि वायू मोजायची तपासणी) केला, त्यात पीएच ७.१७, बायकार्ब (रक्तातलं आम्ल झेलणारा घटक) १०, कार्बन डायऑक्साइड २८. अ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं) जबरदस्त आहे म्हणून सोडा बायकार्बची (यालाच आम्ही नुसतं सोडा म्हणतो) २५ मिलीची चार अँप्युल अर्ध्या तासात दिली, डेक्स्ट्रोज ५% ची सलाईन लावली आणि श्वासासाठी साल्ब्युटामॉलची (श्वासनलिका मोकळी करणारं औषध) वाफ दिली. दुपारपर्यंत बोलणं बारीक झालं, पाणी पिताना ठसका लागायला लागला, तेव्हा त्यांनी फोन करून आमच्याकडे पाठवलं. त्यांनी सगळे कागद नीट सोबत दिले होते, वेळेसकट काय काय दिलं ते लिहून, आणि त्या लिहिण्यामुळेच आम्हाला पुढचा अर्धा तास वाचला, हे मला आवर्जून सांगायचंय.

अडचण काय होती

अ‍ॅम्ब्युलन्समधून उतरवताना सलाईनच्या हुकाला डेक्स्ट्रोजची बाटली लटकत होती, त्यावर पेनानं लिहिलेलं होतं, "सोडा २ अँप", आणि बाटली अर्धी संपलेली. म्हणजे सोडा अजून चालूच होता. ७.५% सोडा बायकार्बच्या एका मिलीत ०.९ एमईक्यूच्या (क्षार मोजायचं एकक) आसपास बायकार्ब असतं, त्या हिशोबानं तोपर्यंत साधारण ११० एमईक्यू आत गेलं होतं.

मी तिला म्हटलं, ताई, एक मोठा श्वास घ्या आणि त्या एका श्वासात जमेल तितके आकडे मोजा. नऊपर्यंत गेली आणि थांबली. धडधाकट माणूस सहज तीस-चाळीसच्या पुढे जातो. डोकं उशीवरून उचलता येत नव्हतं. ईसीजीत टी वेव्ह चपट्या, पुढे मोठी यू वेव्ह, मधूनच एखादा जास्तीचा ठोका.

आमचा एबीजी आला तो असा. पीएच ७.२०, बायकार्ब १४, कार्बन डायऑक्साइड ३७. सोडियम १४१, क्लोराइड ११६, पोटॅशियम १.६.

आता इथे थोडं थांबून बघा. कार्बन डायऑक्साइड ३७ म्हणजे रिपोर्टच्या कागदावर नॉर्मल, कुणी त्याच्याभोवती लाल गोल करणार नाही. पण बायकार्ब १४ असलेल्या माणसानं जोरजोरात श्वास घेऊन तो २९ च्या आसपास आणायला पाहिजे होता (बायकार्ब गुणिले दीड अधिक ८, हे विंटरचं गणित सगळ्यांना पाठ असतं पण रात्री दोन वाजता कुणी मांडत नाही). सकाळच्या स्लिपमध्येही तेच, बायकार्ब १० ला अपेक्षा २३ ची आणि प्रत्यक्षात २८. म्हणजे छातीचे स्नायू सकाळपासूनच हरत चालले होते. सोड्यानं बायकार्ब चार पॉइंट वर गेलं तरी पीएच जेमतेम हलला कारण दुसऱ्या बाजूनं कार्बन डायऑक्साइड साठत होता.

आणि सकाळच्या त्याच स्लिपवर, अगदी खाली, जिथे मशीन इलेक्ट्रोलाइट्स छापतं तिथे पोटॅशियम २.१ छापलेलं होतं. कागद तिथेच दुमडून फाईलला लावलेला. आपले डोळे एबीजीच्या कागदावर वरच्या तीन आकड्यांवर जातात आणि तिथेच थांबतात, ही सवय सगळ्यांचीच आहे.

सोडा दिल्यावर पोटॅशियमचं काय होतं

शरीरातलं जवळजवळ ९८% पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आत १४० च्या आसपास, बाहेर रक्तात ४. आपण मोजतो ती बाहेरची छोटीशी रक्कम, तिजोरी आतच असते. सोडा दिला की रक्तातला हायड्रोजन कमी होतो, मग पेशी आपल्याकडचा हायड्रोजन बाहेर सोडतात, त्याच्या बदल्यात सोडियम आत येतं, आणि ते सोडियम बाहेर काढायला पेशीचा पंप चालतो तो पोटॅशियम आत ओढतो. म्हणून रक्तातलं पोटॅशियम उतरतं. शरीरातून काही गेलेलं नसतं, फक्त जागा बदललेली असते, पण हृदयाला आणि स्नायूंना आतल्या-बाहेरच्या फरकाशीच मतलब असतो त्यामुळे धोका खराच.

दुसरा रस्ता किडनीचा, तो हळू चालतो पण तिथून पोटॅशियम खरंच बाहेर जातं. जास्तीचं सोडियम आणि बायकार्ब किडनीच्या शेवटच्या नळ्यांपर्यंत पोचलं की तिथे सोडियम परत आत घेतलं जातं, बायकार्ब तसंच मागे राहतं, नळीत ऋण भार वाढतो आणि त्याकडे पोटॅशियम ओढलं जाऊन लघवीत पडतं. पेशंटच्या अंगात पाणी कमी असेल तर अल्डोस्टेरॉन (सोडियम धरून पोटॅशियम बाहेर टाकायला लावणारं हार्मोन) वाढलेलं असतं, मग हे अजून जोरात.

आता यातली गंमत म्हणा किंवा गोंधळ म्हणा, पोटॅशियम वाढलेल्या पेशंटमध्ये मात्र सोड्यावर एवढा भरवसा ठेवता येत नाही. डायलिसिसच्या पेशंट्सवर १९८८ साली जो अभ्यास झाला त्यात दिसलं की बायकार्बची ड्रिप देऊन पहिल्या तासात पोटॅशियम जवळजवळ उतरतच नाही, इन्सुलिन-ग्लुकोजनं मात्र उतरतं. त्यांची किडनी बंद म्हणून लघवीचा रस्ताही बंद. आजही पोटॅशियम वाढलेलं असताना सोडा द्यायचा तो अ‍ॅसिडोसिस खरंच असेल तर, आणि तोही इन्सुलिनच्या जोडीला. मग इथे एवढं का उतरलं? एकट्या सोड्याच्या माथी मी हे मारणार नाही. एक तर हिचा अ‍ॅसिडोसिस क्लोराइड वाढलेला, म्हणजे पेशी आणि रक्त यांच्यात पोटॅशियमची अदलाबदल जास्त होते तो प्रकार. त्यात डेक्स्ट्रोज, म्हणजे शरीराचं स्वतःचं इन्सुलिन सुटणार. त्यात साल्ब्युटामॉल. सोडा, ग्लुकोज-इन्सुलिन आणि साल्ब्युटामॉल, नीट बघितलं तर पोटॅशियम ७ असलेल्या पेशंटला आपण जे देतो तेच सगळं २.१ वाल्या पेशंटला मिळालं होतं. कुणीही मुद्दाम केलं नाही, प्रत्येक गोष्ट आपापल्या कारणानं बरोबरच वाटत होती.

अजून एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. अशा अ‍ॅसिडोसिसमध्ये पोटॅशियम पेशीतून बाहेर येऊन रक्तात थोडं वाढलेलं, निदान नॉर्मल तरी दिसायला पाहिजे. अ‍ॅसिडोसिस एवढा आणि तरीही पोटॅशियम २.१, म्हणजे आतली तिजोरी रिकामी झालेली आहे, आणि अ‍ॅसिडोसिस सुधारला की उरलंसुरलंही आत जाणार. ही जोडी दिसली की सोड्याचा विचार बाजूला ठेवायचा.

पर्याय काय होते

पहिला पर्याय सोडा चालू ठेवायचा. आमच्या आरएमओनं (ड्युटीवरच्या ज्युनिअर डॉक्टरनं) स्पष्ट विचारलं, "सर, पीएच ७.२० आहे, सोडा बंद केला आणि अजून खाली गेला तर?" प्रश्न योग्य होता. माझं म्हणणं असं की ७.२० वर ब्लड प्रेशर व्यवस्थित आहे, पेशंट शुद्धीत आहे, हा पीएच ती काही तास सहन करेल, पण पोटॅशियम १.६ वरून १.३ झालं तर श्वास किंवा हृदय, दोन्हीपैकी एक थांबेल. पीएच ७.१ च्या खाली गेला आणि ब्लड प्रेशर पण पडायला लागलं असतं तर सोडा द्यावा लागला असता, पण तेव्हाही पोटॅशियम चालू असतानाच आणि अगदी हळू.

दुसरा, लगेच श्वासनलिकेत ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घ्यायचं. नऊपर्यंत मोजणाऱ्या पेशंटला ट्यूब टाकली तर कुणी नावं ठेवणार नाही. पण व्हेंटिलेटरवर घेतल्यावर श्वासाचा वेग जास्त ठेवला तर कार्बन डायऑक्साइड झपकन उतरतो आणि पोटॅशियम अजून आत जातं, कमी ठेवला तर अ‍ॅसिडोसिस वाढतो. म्हणजे ट्यूब टाकली तरी पोटॅशियमचा प्रश्न तिथेच, वर सेटिंगची कसरत.

तिसरा, मोठ्या शहरात पाठवायचं. चार तासांचा रस्ता, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये पंपावर पोटॅशियम आणि दर तासाला रिपोर्ट, हे जमणारं नव्हतं. हा पर्याय दोन मिनिटांत बाद झाला.

चौथा, सोडा आणि डेक्स्ट्रोज दोन्ही बंद, पोटॅशियम जोरात, ट्यूबची तयारी बाजूला मांडून ठेवायची आणि कधी टाकायची ते आत्ताच ठरवून लिहायचं. हा घेतला.

काय केलं

सोड्याची बाटली काढली. पोटॅशियम साध्या नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये अजिबात नाही. हाताच्या शिरेतून तासाला १० एमईक्यूच्या वर देणं बरं नाही, शीर जळते आणि पेशंट तळमळतो, म्हणून सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत टाकायची नळी) लागणार होती. मानेतून टाकायची की मांडीतून यावर थोडी चर्चा झाली. मानेतून टाकताना गाइडवायर हृदयाला जाऊन टोचते आणि पोटॅशियम १.६ असलेल्या हृदयाला तेवढंही निमित्त पुरतं, शिवाय पेशंटला सरळ झोपवून डोकं खाली करणं शक्य नव्हतं. म्हणून मांडीतून टाकली, डोक्याकडची बाजू थोडी वर ठेवूनच.

१५% पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० एमईक्यू असतं. एक अँप्युल १०० मिली सलाईनमध्ये, पंपावर, एका तासात. मॉनिटर सतत, पंपाशेजारी एक सिस्टर फक्त त्यासाठी. पंप नसेल तर हा वेग वापरूच नये असं माझं ठाम मत आहे, ड्रिप चुकून मोकळी सुटली तर दोन मिनिटांत उलटं टोक गाठलं जातं. मॅग्नेशियम १.५ आलं होतं, ते कमी असताना किडनी पोटॅशियम धरून ठेवत नाही, म्हणून २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट दिलं पण सावकाश, कारण ते स्वतः स्नायू ढिले करतं. तोंडानं काही नाही, ठसका लागत होता. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) पोटॅशियम क्लोराइडचं सिरप पातळ करून चालू केलं.

ट्यूबचे निकष पांढऱ्या बोर्डावर लिहिले. एका श्वासात मोजणी सहाच्या खाली, किंवा कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर, किंवा लाळ घशात साठायला लागली तर थेट ट्यूब, परत चर्चा नाही. हे लिहिण्याचा फायदा असा की रात्रीच्या ड्युटीवर जो असेल त्याला मला फोन करून परवानगी मागत बसावं लागत नाही.

पहिल्या तासानंतर कार्बन डायऑक्साइड ४१ आला. तो तास सगळ्यात वाईट होता, मोजणी आठ, नवरा दारात उभा, सिस्टरनी लॅरिंगोस्कोपचा (ट्यूब टाकताना घसा बघायचं उपकरण) दिवा दोनदा तपासला. दोन तासांनी पोटॅशियम १.९, कार्बन डायऑक्साइड ४०. मोजणी दहा. सहा तासांनी पोटॅशियम २.५, मोजणी सोळा, जास्तीचे ठोके थांबले. वेग तासाला १० वर आणला. सकाळी ३.१ आणि तिनं स्वतः मान उचलून दाखवली. ट्यूब लागली नाही.

मूळ कारण

अ‍ॅनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा केल्यावर उरणारा आकडा) ११, म्हणजे नॉर्मल, क्लोराइड वाढलेलं, पोटॅशियम कमी, जुलाब नाहीत. किडनीच्या शेवटच्या नळ्या अ‍ॅसिड बाहेर टाकत नाहीत तो प्रकार, डिस्टल रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस, असा संशय होता. लघवीचा पीएच आल्याआल्या ६.८ आला पण तो धरला नाही, सोडा दिल्यानंतर लघवी अल्कलाइन येणारच. दुसऱ्या दिवशी, बायकार्ब अजून १५ असताना आणि आम्ही अल्कली सुरू करायच्या आधी परत केला, ६.५. एवढा अ‍ॅसिडोसिस असताना तो ५.५ च्या खाली जायला पाहिजे. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत आतल्या भागात बारीक कॅल्शियम साठलेलं.

मग बोलायला लागल्यावर जाऊबाईंनीच सांगितलं, "हिला भाकरीचा घास पाण्याबिगर उतरतच नाय, दोन वर्षं झाली." डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, दाढा किडून पडल्यात. मागच्या वर्षी पण एकदा असंच लुळं पडल्यासारखं झालेलं, सलाईन लावली, बरं वाटलं, घरी आले, पोटॅशियम तेव्हा कुणी मोजलं की नाही माहीत नाही. अँटीबॉडीज पॉझिटिव्ह आल्या, जोग्रेन सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार.

पुढे काय झालं

आता ज्या सोड्याला आदल्या दिवशी बंद केलं तोच हिचा कायमचा इलाज. या आजारात अ‍ॅसिडोसिस तसाच राहिला तर किडनी पोटॅशियम वाया घालवत राहते, आणि अल्कली रोज दिली की लघवीतलं पोटॅशियम जाणं कमी होतं. म्हणजे पहिल्या काही तासांत बायकार्बनं पोटॅशियम उतरतं आणि काही आठवड्यांत तेच बायकार्ब पोटॅशियम टिकवतं. घरच्यांना हे समजावायला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर आमच्या स्टाफलाही लागला. पोटॅशियम ३.१ झाल्यावर आम्ही तोंडानं पोटॅशियम सायट्रेट सुरू केलं, त्यात दोन्ही कामं होतात, सायट्रेटचं लिव्हरमध्ये बायकार्ब होतं आणि पोटॅशियमही मिळतं. दोन दिवसांनी थोड्या सोड्याच्या गोळ्या जोडल्या.

डिस्चार्जच्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "घरात खायचा सोडा असतो, त्योच दिला तर चालंल का?" रागवावं असं यात काही नाही, गोळ्यांचा खर्च दर महिन्याचा आहे. पण एका सपाट चमच्यात सुमारे ५ ग्रॅम सोडा बसतो, म्हणजे साधारण ६० एमईक्यू, हिच्या ५० किलो वजनाला दिवसभराचा डोस ५० ते १०० च्या मध्ये कुठेतरी असतो. तो एका दमात गेला आणि त्यात पोटॅशियम शून्य, तर परत तेच होऊ शकतं. म्हणून मोजून गोळ्या, दिवसातून तीन वेळा वाटून, आणि पोटॅशियम सायट्रेट कधीच बंद करायचं नाही असं सांगितलं. तीन महिन्यांनी बायकार्ब २२, पोटॅशियम ४.०, सोयाबीन काढणीला परत गेलेली.

वेगळं काय करता आलं असतं

सकाळी ९० एमईक्यू सोडा जाण्याआधी स्लिप शेवटपर्यंत वाचली गेली असती तर बहुतेक ती आमच्याकडे हातपाय हलवत आली असती. डीकेए मध्ये (डायबेटिसमधला अ‍ॅसिडोसिस) पोटॅशियम ३.३ च्या (२०२४ च्या नव्या मार्गदर्शनात ३.५ च्या) खाली असेल तर इन्सुलिन थांबवायचं हे प्रत्येक इंटर्नला पाठ असतं. सोड्यासाठी तसा आकडा कुणी शिकवत नाही. आम्ही आता आयसीयूत नियम केलाय, सोड्याची ऑर्डर लिहिताना शेजारी पोटॅशियमचा आकडा लिहायचा, नसेल तर सिस्टर अँप्युल फोडणार नाहीत. कार्डियाक अरेस्टची गोष्ट वेगळी, तिथे हा नियम नाही. पहिल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांशीही मी बोललो, दोन्ही स्लिपा शेजारी ठेवून बघितल्या, त्यांनीही हा नियम घेतलाय.

लुळ्या पेशंटचा कार्बन डायऑक्साइड नॉर्मल आला तर तो नॉर्मल धरायचा नाही. आणि दर दोन तासांनी एका श्वासातली मोजणी, याला एक पैसा लागत नाही, पहिल्या ठिकाणी ती झाली असती तर उतरण दुपारच्या आधीच दिसली असती.

दोन बाबतीत मतभेद होऊ शकतात आणि ते मी तसेच ठेवतो. माझ्या एका अ‍ॅनेस्थेटिस्ट मित्राचं म्हणणं, कार्बन डायऑक्साइड ४१ ला ट्यूब टाकायलाच पाहिजे होती, वाट बघणं धोक्याचं होतं. रात्री ट्यूब टाकणारा अनुभवी माणूस जागेवर नसेल तर मीही त्याच्याच बाजूनं उभा राहीन, आमच्याकडे त्या रात्री होता. दुसरं, अल्कली पोटॅशियम ३ झाल्यावर सुरू करायची की २.५ लाच हळूहळू, यावर वेगवेगळे लोक वेगवेगळं करतात. तोंडानं पोटॅशियम सायट्रेट असेल तर २.५ ला सुरू करण्यात मला फार भीती वाटत नाही, शिरेतून सोडा असेल तर मी ३ ची वाट बघेन.

जोग्रेनसाठी तिला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (अशा आजारांच्या तज्ज्ञांकडे) पाठवलंय, आणि अजून एक मूल व्हावं असं घरच्यांच्या मनात आहे म्हणून गायनॅकच्या मॅडमना आधीच चिठ्ठी दिलीये, कारण सुरुवातीच्या उलट्यांत गोळ्या पोटात राहत नाहीत आणि पोटॅशियम परत घसरतं. त्या दिवसांत दर आठवड्याला पोटॅशियम आणि बायकार्ब करायचं, दोन दिवस गोळ्या टिकल्या नाहीत तर भरती व्हायचं, आणि कुठेही भरती झाली तरी फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं दाखवायचं: आधी पोटॅशियम बघा, डेक्स्ट्रोज आणि सोडा त्यानंतर.